दोन कुळांचा वृत्तान्त

आमच्या भावकीने आपला कुळवृत्तान्त छापावयाचे ठरविले आहे. गाव पोलादपूरच्या अंगाचे, सह्याद्रीच्या पायथ्याचे. माणसे मात्र मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे अशी पांगलेली. पाच-सहा तरुण मुले दोन वर्षे या कामाच्या मागे आहेत. त्यांनी घरोघर जाऊन तक्ते भरून घेतले, म्हाताऱ्यांना बोलते केले, फोटो जमविले. मी जन्मभर मास्तरकी केली आणि थोडेफार लिहितो, म्हणून प्रस्तावनेसाठी टंकलिखित मजकूर माझ्याकडे आला. मोठ्या आनंदाने मी तो उघडला आणि पहिल्याच पानावर थांबलो.

पहिल्या पानावर लिहिले होते : आपला मूळपुरुष राजपुतान्यातून दक्षिणेत आला, जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांच्या पदरी सरदार झाला आणि १६५६ साली शिवाजीमहाराजांनी जावळी घेतल्यावर घाट उतरून सावित्रीच्या खोऱ्यात स्थायिक झाला. वंश सोमवंश. पुढे कालौघात घराण्याला वाईट दिवस आले. बस्स. सरदाराचा महार कसा झाला, सोमवंशातून गावकुसाबाहेर आम्ही कोणत्या वाटेने आलो, हे सारे त्या एका 'कालौघात' या शब्दात बुडालेले.

मी विचारले, याला आधार काय? त्यावर पोरांपैकी एकाने जे उत्तर दिले, त्यासाठी मी हा लेख लिहावयास बसलो. तो म्हणाला, "काका, त्यांच्याकडे तरी कुठे आधार आहे?"

उत्तर खोटे नाही, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे नीट सांगावयाचे तर आधी 'त्यांचा' कुळवृत्तान्त वाङ्मयप्रकार म्हणून तपासला पाहिजे. आपल्या समीक्षेने कथा, कविता, आत्मकथन यांची पुष्कळ चिकित्सा केली. हा प्रकार मात्र घरगुती समजून सोडून दिला. वस्तुतः प्रस्थापितांची मूल्यव्यवस्था जितकी उघडपणे येथे बोलते तितकी ती कादंबरीतही बोलत नाही.

१

मराठीत छापील कुळवृत्तान्तांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. आपटे, पेठे, गोखले, कर्वे, साठे अशा अनेक घराण्यांचे जाडजूड ग्रंथ निघाले. कोकणातून देशावर, देशावरून बडोदे-इंदूर-ग्वाल्हेरकडे आणि पुढे परदेशात गेलेल्या घराण्यांनी वर्गणी काढून, माहितीपत्रके पाठवून, संमेलने भरवून हे काम केले. त्यामागची चिकाटी वंदनीय आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. मॉरीन पॅटर्सन या अमेरिकन अभ्यासिकेने चित्पावन घराण्यांचे हे वृत्तान्त समाजेतिहासाचे साधन म्हणून वापरले आणि त्यावरचा तिचा निबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला. कोण कोणत्या पिढीत भिक्षुकी सोडून नोकरीत शिरला, कोण वकील झाला, कोण डॉक्टर झाला, हे या ग्रंथांतून पिढीवार कळते. असे साधन आपल्याजवळ असते तर आपले किती अज्ञान दूर झाले असते!

पण या ग्रंथांचा साचा पाहा. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, मूळपुरुष, मग शाखा आणि वंशवृक्ष. प्रत्येक पुरुषाच्या नावाखाली जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह, संतती. साच्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, माणसाची किंमत तो कोठून आला यावर ठरते. दुसरी, जो आला तो रिकाम्या भूमीवर आला. कोकणाची भूमी तर परशुरामाने समुद्र हटवून निर्माण केली आणि तेथे आपले लोक वसविले, असे सह्याद्रिखंडाच्या आधारे सांगितलेच जाते. समुद्रातून वर आलेल्या जमिनीवर आधीचे कोण असणार? कथेचा हा सर्वांत मोठा उपयोग आहे. वसाहत करणाराला पूर्वीचा रहिवासी नको असतो. म्हणून तो जमीनच नवी बनवून घेतो.

जोतीराव फुल्यांनी ही मेख १८७३ सालीच ओळखली. 'गुलामगिरी'त त्यांनी परशुरामाची कथा उलटी वाचली. जे वसले त्यांच्या बाजूने न वाचता, जे हटविले गेले त्यांच्या बाजूने वाचली आणि 'महार' शब्दाची फोड 'महाअरि' अशी केली. ती व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्राला मान्य होणार नाही. पण प्रश्न व्युत्पत्तीचा नव्हता. वसणाऱ्याची बखर वाचताना 'येथे आधी कोण होते?' हे विचारावयाचे असते, हा वाचनाचा धडा त्यांनी घालून दिला.

गंधारपाल्याची लेणी महाडपासून हाकेच्या अंतरावर आहेत. आमच्याकडे त्यांना पांडवलेणी म्हणतात; म्हणजे तेथेही नाव दुसऱ्याचेच. ती बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह आणि खोल्या कोरवून दिल्याची नोंद आहे. परशुरामाच्या जमिनीवर माणसे राहत होती, दाने देत होती, पाण्याची टाकी खोदत होती. ते आमचे पूर्वज होते असे मी म्हणत नाही. म्हणावयाला माझ्याकडे पुरावा नाही. भूमी रिकामी नव्हती, एवढेच मी म्हणतो.

२

वंशावळ ही सत्तेची गरज असते, हे सत्य आमच्या तालुक्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. रायगड महाड तालुक्यात आहे. ६ जून १६७४ रोजी तेथे शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. ज्याने तलवारीच्या बळावर राज्य उभे केले, रयतेला न्याय दिला, त्यालाही विचारले गेले : तुमचे कूळ कोणते? मग भोसल्यांचा उदेपूरच्या सिसोद्यांशी संबंध दाखविणारी वंशावळ पुढे आली, गागाभट्टाने ती मान्य केली, राज्याभिषेकापूर्वी महाराजांची मुंज झाली. कर्तृत्व स्वतःचे, पण मान्यतेचा शिक्का वंशावळीचा, अशी ही व्यवस्था. ज्यांनी तो प्रश्न विचारला, त्यांना मात्र तो कोणी उलट विचारला नाही.

इकडे पोलादपुरात कवींद्र परमानंदाची समाधी आहे. त्याचे संस्कृत 'शिवभारत' मालोजीराजांपासून सुरू होते. म्हणजे राजाचा चरित्रकार आजोबांपासून आरंभ करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्रही आजोबांपासूनच सुरू होते, आणि योगायोग असा की त्या आजोबांचे नावही मालोजीच : फौजेत गेलेले मालोजी सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. चांगदेव खैरमोडे घ्या, धनंजय कीर घ्या. मालोजींच्या मागे ठामपणे जाता येत नाही. तिसऱ्या पिढीच्या पलीकडे अंधार. पण त्या अंधाराने बाबासाहेबांच्या मोठेपणात काय उणे आले? भावकीच्या पोरांना मी हा प्रश्न विचारला. ते गप्प राहिले.

३

आता मूळ शब्दाकडे येऊ. मराठीत 'कूळ' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक कूळ वंशाचे, दुसरे कूळ खंडाचे. ज्याच्याजवळ पहिले कूळ होते त्याने वृत्तान्त लिहिला. जो दुसरे कूळ होता त्याची नोंद खोताच्या वहीत झाली. कोकणातील खोती ही वसाहतीच्या इतिहासाशीच बांधलेली व्यवस्था. गाव वसविला, लागवडीस आणला, सारा भरण्याची हमी घेतली, म्हणून खोताचा हक्क, असे तिचे समर्थन केले जाई. खोताच्या घराण्याचा वृत्तान्त छापला गेला की त्यात हमखास वाक्य येते : 'मूळपुरुषाने जंगल तोडून गाव वसविला.' जंगल खरोखर कोणी तोडले, राब कोणी भाजला, डोंगरउतारावर वरी-नाचणीचे वरकस कोणी पिकविले, बांध कोणी घातला, या क्रियापदांचे कर्ते वृत्तान्तात नाहीत. व्याकरण असे की काम आमचे आणि कर्ता मूळपुरुष.

बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्या वेळी ते संमत झाले नाही. कायद्याने खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. कुळकायदा १९४८ चा. म्हणजे दुसऱ्या अर्थाच्या कुळाला कायद्यात जागा मिळाली तीही पहिल्या अर्थाच्या कुळाचे ग्रंथ निघू लागल्यानंतर कितीतरी वर्षांनी.

आणखी एक गोष्ट. घराण्याच्या वृत्तान्तात 'निधन' म्हणून जी तारीख असते, ती बातमी दहा-वीस कोसांवरच्या सोयऱ्याधायऱ्यांना कोण पोचवीत असे? महार. मयताची वर्दी घेऊन रात्री-अपरात्री पायी जाणे हे त्याच्या वतनी कामांपैकी एक होते. गावाच्या शिवेचा तंटा लागला की साक्ष कोणाची प्रमाण धरीत? महाराची. कारण शीव त्याला पायाखाली पाठ होती. गावाची स्मृती सांभाळणारा हा माणूस. त्याच्या स्वतःच्या स्मृतीला मात्र वही नव्हती. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात असे सांगतात. पण ज्यांना नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० साली सत्याग्रह करावा लागला, त्यांनी कोणत्या उपाध्यायाच्या ओटीवर बसून आपला आजा-पणजा सांगावयाचा होता?

४

मग आमची नावे कोठे आहेत? ती आहेत, पण दुसऱ्यांनी, दुसऱ्या कामासाठी लिहिलेल्या कागदांत.

पहिला कागद वतनाचा. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने वतनदारांची नोंद पक्की झाली. महारकी पाळीने चाले. पाळी कोणाची, हिस्सा किती, हे ठरविताना वारस दाखवावे लागत. त्यामुळे वतनाच्या तंट्यात वंशावळी लिहिल्या गेल्या. ध्यानात घ्या, आमच्या घराण्यांच्या जुन्या लेखी वंशावळींपैकी पुष्कळशा आमच्या गुलामीचे वाटप करण्यासाठी लिहिल्या गेल्या. बाबासाहेबांनी १९२८ साली या कायद्यात दुरुस्ती सुचविली. महार वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने. वतन जाताना काही म्हातारे रडले होते, हे मी लहानपणी पाहिले आहे. साखळीबरोबर नावही जाते की काय, अशी ती भीती असावी.

दुसरा कागद फौजेचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे आहेत. त्यांतील 'नाक' हा शेवट असलेली नावे आमची. स्वतःच्या नावाने दगडावर कोरले जाणे हे आमच्या लोकांच्या वाट्याला आले ते मरणानंतर आणि परक्याच्या चाकरीत. दापोली, महाड, दासगाव या पट्ट्यात पेन्शनर शिपाई, हवालदार, सुभेदार राहिले. त्यांच्या घरात अक्षर शिरले. १८९२ नंतर फौजेचे दार बंद झाले आणि अक्षराची ती वाटही आक्रसली.

तिसरा कागद कोतवाल बुकाचा. म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीचा. वर्दी देणारा आमचा, लिहिणारा दुसरा. नाव, बापाचे नाव, जात, वय, मरणाचे कारण. एका ओळीत माणूस संपतो.

आडनावाचा पुरावा तर आणखी फसवा. मोरे, जाधव, कदम, पवार, साळवी, सकपाळ ही आडनावे मराठ्यांत आहेत तशी आमच्यातही आहेत. जावळीचे चंद्रराव मोरे. आणि महाडच्या १९२७ च्या परिषदेसाठी ज्यांनी जिवाचे रान केले ते लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे. आडनाव एक म्हणून रक्त एक, असे सिद्ध होत नाही. आणि जात वेगळी म्हणून रक्त वेगळे, असेही सिद्ध होत नाही. बाबासाहेबांनी हाच मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला. महार आणि मराठा यांची कुळे सारखीच दिसतात; तेव्हा अस्पृश्य हा वेगळा वंश होता, हे म्हणणे टिकत नाही, असे ते म्हणतात. भावकीच्या पोरांनी त्यांच्या या विधानाचा अर्धाच भाग उचलला. 'आम्ही त्यांच्यातलेच' एवढे घेतले. बाबासाहेबांचे म्हणणे होते की वंशाच्या नावावर उभी केलेली ही उतरंडच खोटी आहे.

५

या बाबतीत आपल्याच चळवळीत दोन वाटा होत्या, हे लपविण्यात अर्थ नाही. गोपाळबाबा वलंगकर महाड तालुक्यातील रावढळचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, फुल्यांच्या विचारांनी भारले, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि धर्माधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. संस्थेला नाव दिले 'अनार्य दोष परिहार मंडळी'. अनार्य! म्हणजे आम्ही वसाहतवाल्यांचे वंशज नाही, येथले आहोत, हे नावातच सांगितले. पण फौजेतील भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ साली जो अर्ज तयार झाला त्यात महार हे पूर्वीचे क्षत्रिय होते, अशी मांडणी आली. एकाच माणसाच्या हातून हे दोन्ही घडले. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण दार ज्याच्या हातात, त्याच्या भाषेत अर्ज लिहावा लागतो. इंग्रज सरकार 'लढाऊ जात' विचारीत होते. वलंगकरांनी तशी जात दाखविली. पुढे 'सोमवंशी' नावही त्याच गरजेतून चालले. ती तेव्हाची निकड होती. आज आमच्या पोरांना कोणाकडे अर्ज करावयाचा आहे?

दुसरी वाट बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात दाखविली. तो ग्रंथ म्हणजे माझ्या मते आमचा खरा कुळवृत्तान्त आहे. फक्त त्यात एकही आडनाव नाही. टोळ्या स्थिर झाल्या, शेती करू लागल्या. ज्या टोळ्या लढायांत फुटल्या त्यांची माणसे आश्रयाला आली, राखणीच्या बदल्यात गावाबाहेर वसली. ही पांगलेली माणसे आणि आत वसलेली माणसे यांत फरक होता तो टोळीचा. उच्चनीच रक्ताचा नव्हे. आयर्लंड आणि वेल्समध्येही अशी बाहेर वसविलेली माणसे होती. तेथे ती काळाच्या ओघात गावात मिसळली. येथे मिसळली नाहीत, कारण येथे ती बौद्ध राहिली आणि गोमांस सोडले नाही, असा त्यांचा सिद्धान्त.

हा सिद्धान्त कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले आहेत. मला येथे पद्धत महत्त्वाची वाटते. बाबासाहेब प्रस्तावनेत सरळ सांगतात की पुराव्याची साखळी जेथे तुटते तेथे अभ्यासकाला तर्काने दुवा जोडावा लागतो, आणि आपण जोडलेला दुवा तर्काचा आहे. पोकळी दोघांच्याही पुढे असते. कुळवृत्तान्तकार ती परशुरामाने भरतो आणि इतिहास म्हणून छापतो. बाबासाहेब ती अनुमानाने भरतात आणि अनुमान म्हणून छापतात. 'त्यांच्याकडे तरी कुठे आधार आहे?' या प्रश्नाला माझे पहिले उत्तर हे आहे. त्यांच्याकडे आधार नाही. पण तो नसल्याचे कबूल करण्याचे धैर्य आमच्या बापाकडे होते.

६

दुसरे उत्तर महाडच्या तळ्याने दिले आहे. १९२३ साली बोले ठराव झाला, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले, पण पाणी बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रहाला उभे राहताना स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे काय होते? आमची वहिवाट अनादि आहे. आमचे वाडवडील येथे पाणी भरीत आले, तुमचे कधी भरीत नव्हते. म्हणजे न्यायालयापुढे मांडलेला तो कुळवृत्तान्तच होता. दहा वर्षे खटला चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अनादि काळापासूनची अशी रूढी शाबीत झालेली नाही.

हा निकाल पाण्याच्या हक्कासाठी महत्त्वाचा आहेच. पण वाङ्मयसमीक्षकानेही तो वाचावा. 'अनादि' या शब्दाला पुरावा विचारला गेला आणि तो शब्द कोसळला. इतका भक्कम वाटणारा वंशपरंपरेचा डोलारा उलटतपासणीत टिकला नाही. ज्या हत्याराचा कणा महाडने मोडला, ते हत्यार आमच्याच तालुक्यातील आमच्या पोरांनी शंभर वर्षांनी हौसेने उचलावे काय?

७

मग दलितांनी घराण्याचा इतिहास लिहूच नये काय? अवश्य लिहावा. पण त्याचा साचा आपल्या वाङ्मयातच शोधावा. १९७८ साली 'बलुतं' आले. 'आठवणींचे पक्षी', 'तराळ-अंतराळ', 'अक्करमाशी' मागोमाग आली. 'अक्करमाशी'ने तर वंशवृक्षाच्या मुळावरच बोट ठेवले. बाप सांगता न येणारा माणूस आपली कहाणी सांगू शकतो आणि ती हजारोंना आपली वाटते, हे तिने सिद्ध केले. येथे साहित्याला मूळपुरुषाची गरज उरली नाही. हे मराठी गद्यातील मोठे स्थित्यंतर आहे.

तरीही आत्मकथनाची एक मर्यादा मला जाणवते. ते बहुधा एका माणसाच्या सुटकेची गोष्ट सांगते. गावात राहिलेले चुलते, मध्येच मेलेली भावंडे, गिरणी बंद पडल्यावर परतलेला मामा हे कडेला राहतात. या दृष्टीने आर. बी. मोरे यांच्या आठवणी मोलाच्या वाटतात. त्यांचे अपुरे राहिलेले आत्मकथन मुलाने, सत्येंद्र मोरे यांनी, २००३ साली आपल्या चरित्रग्रंथातून प्रकाशात आणले. लाडवली, दासगाव, महाड आणि मुंबईच्या चाळी ही माणसे एकमेकांना कशी धरून होती, पेन्शनरांचे घर, गिरणी आणि चळवळ यांचे धागे कसे गुंतले, हे अशा लेखनातून उमगते. वंशवृक्ष एका खोडाचा असतो. आमचे घराणे वडासारखे, पारंब्यांवर उभे. कोणती पारंबी मूळ खोड, हे आता कोणाला सांगता येणार नाही.

आणि बायका? येथे आम्ही त्यांच्याहून वेगळे नाही. आमच्या भावकीच्या तक्त्यात मुली 'दिली' या शब्दाने संपतात आणि सुना नवऱ्याच्या नावाखाली लपतात. 'जिणं आमुचं' आणि 'आयदान' वाचलेली ही मुले. तरी तक्ता भरताना आईचे माहेर विचारावयास विसरली. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी गोळा केल्या त्यांना ठाऊक आहे की बाई दळताना माहेरची माणसे नावानिशी जागवीत असते. तोही वंशवृक्षच, त्याला कागद मिळाला नाही इतकेच.

८

आज मात्र कागदाची सक्ती आमच्यावर आहे. माझ्या नातीच्या जातवैधतेसाठी गेल्या काही वर्षांत मी जे हेलपाटे घातले, त्यांतून हा विषय माझ्यापुरता पुस्तकी राहिला नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र लागते. नाते लागते ते वडिलांकडचे. एका कचेरीत मला विचारले गेले, "पणजोबांचा दाखला आहे का?" पणजोबांना शाळेच्या पडवीत बसू दिले नव्हते, दाखला कोठून असणार? शाळेच्या रजिस्टरात कोठे 'महार', कोठे 'नवबौद्ध', कोठे 'बौद्ध'. जात पुसावी म्हणून १९५६ नंतर बापाने ती लिहिली नाही. ती पुसली नव्हती, हे मुलाने सिद्ध करावयाचे. ज्यांना कूळ नाकारले त्यांनाच आता कुळाचा पुरावा मागितला जातो. त्याला इलाज नाही. राखीव जागा हा हक्क आहे आणि खोटे दावे रोखलेच पाहिजेत. पण या विपर्यासाची नोंद साहित्याने करावयास हवी.

अखेर कोतवाल बुकात पणजोबांची मृत्युनोंद सापडली. नाव, बापाचे नाव, जात, कारण ताप. त्याच पानावर दोन ओळी खाली पणजीची नोंद होती : पणजोबांचे नाव आणि पुढे 'याची बायको'. तिचे नाव नव्हते. नक्कल हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. या नोंदीची एक प्रत महाडच्या नातेवाइकांकडे ठेवली होती. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती घरातल्या इतर कागदांबरोबर गेली. आमचे कागद असे थोडे असतात आणि ते पुराच्या पातळीखालीच ठेवलेले असतात.

९

मी पोरांना टंकलिखित परत केले आहे. सोबत पुढीलप्रमाणे लिहून दिले.

पहिले पान काढावे. ज्या सर्वांत जुन्या माणसाचे नाव कागदावर मिळते त्याच्यापासून आरंभ करावा. त्याच्या मागे काय होते ते ठाऊक नाही, असे एका वाक्यात लिहावे. प्रत्येक माहितीपुढे 'लेखी' किंवा 'ऐकीव' असे लिहावे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मार्च १९२७ मध्ये तळ्यावर गेले होते आणि परतताना त्यांना मार बसला, असे घरात सांगतात. लेखी पुरावा नाही. ते वाक्य 'सांगतात' याच क्रियापदाने छापावे. त्याने त्याची किंमत कमी होत नाही. कोणी कोणत्या गिरणीत, गोदीत, पालिकेत काम केले, कोणत्या चाळीत किती माणसांत राहिले, १९८२ च्या गिरणी संपात कोणाचे काय झाले, हे गोत्राच्या जागी यावे. कोण शाळेत गेला नाही, तेही यावे. दारूने गेलेले, कर्जाने गेलेले, घर सोडून गेलेले वगळू नयेत.

पोरांना पहिले पान काढणे जड जात आहे. एकाने प्रामाणिकपणे सांगितले, "काका, लोक विचारतात तेव्हा काहीतरी सांगावं लागतं." त्याची व्यथा मला समजते. चांगल्या नोकरीत, चांगल्या सोसायटीत राहणाऱ्या आमच्या मुलाला आजही आडनाव सांगितल्यावर गाव विचारतात, गाव सांगितल्यावर वाडी विचारतात. त्या प्रश्नाला सरदाराचे उत्तर दिले की पुढचा प्रश्न टळतो, असे त्याला वाटते. तो टळत नाही, हे मी माझ्या वयामुळे जाणतो. पण त्याचा हा अनुभवही वृत्तान्तात यावा, असे मी त्याला सांगितले आहे.

पुढची बैठक पावसाळ्याआधी आहे. पहिल्या पानाचा निकाल तेथे लागेल. तोपर्यंत एक काम मी प्रत्येकाकडे दिले आहे : आपल्या आईला तिच्या आईचे नाव विचारून यायचे आणि ते तक्त्यात भरायचे. माझ्या पणजीच्या नावाची जागा मी मोकळी ठेवली आहे. रावढळकडे आमच्या नात्यातील एक म्हातारी आहे, नव्वदीच्या पुढची. तिला ते आठवते, असे कळले आहे. येत्या रविवारी मी तिकडे जाणार आहे.